चित्र अडकलंय

आमचा धैर्यशील घरात आला की बापाच्या पायाला हात लावायचा आणि तोच हात टीव्हीच्या फळीखाली घालायचा. पुण्याहून एवढी गाडी हाकत आलेला एकुलता एक मुलगा, पण त्याचं तोंड आम्हाला जेवतानाच दिसायचं. एरवी दिसायचे ते फरशीवर पसरलेले दोन पाय. मी चहा ठेवायची, तो निवायचा, त्यावर साय धरायची आणि शेवटी मीच तो मोरीत ओतायची.

त्या शनिवारीही तसंच झालं.

"आता काय बिघडलं रं त्याचं?"

"बिघडलं नाही, आई. बदलतोय."

"बिघडलं न्हाई तर बदलतोस कशाला?"

फळीखालून हसू आलं. "तुला नाही कळायचं."

"कळत न्हाई म्हणूनच इचारती. कळत असतं तर मीच बदललं असतं. तुला कशाला डिझेल जाळाय लावलं असतं?"

खुर्चीत बसलेले आमचे मालक ओठाच्या डाव्या कोपऱ्यानं हसले. उजवा कोपरा तेव्हा त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता.

मालकांना पहिला झटका सेलमला आला, दुकानात, भट्टीसमोर. आमचा धंदा गलाईचा. विट्याकडची निम्मी गावं सोनं गाळायला देशभर पांगलेली आहेत, त्यातलेच आम्ही. लग्न झाल्या वर्षी मी तिकडं गेले आणि तमिळ शिकले ती भाजीवालीशी भांडून. झटक्यानंतर दुकान पुतण्याच्या स्वाधीन केलं आणि गावी नवीन बांधलेल्या बंगल्यात येऊन राहिलो. मालकांची उजवी बाजू गेली होती. बोलणं गेलं होतं. "बरं", "दे" आणि "ऱ्हाऊ दे" एवढे तीनच शब्द उरले होते, आणि त्या तिन्हींवर ते सगळं घर चालवायचे.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा मायलेकरांना समोर बसवून सांगितलं होतं. पुन्हा झटका येणार. कधी ते सांगता येत नाही. आला की चार तासांच्या आत इथं आणायचं, इंजेक्शन देता येतं. त्याच्या पुढं गेलं तर आमच्या हातात काही नाही.

म्हणून कॅमेरा.

शेजारच्या माळी गुरुजींकडं कंपनीचा कॅमेरा होता. दुकानातून आणला, भिंतीला डकवला, झालं. मी म्हणाले, तसलाच आण. धैर्यशीलनं कपाळाला हात लावला.

"आई, त्या कॅमेऱ्याचं चित्र जातं कुठं माहिती आहे? परदेशातल्या कुठल्या तरी गोदामात. तिथं कोण बघतं, कोण साठवतं, आपल्याला पत्ता नाही. आबांना तू अंघोळ घालून टॉवेलवर आणून बसवतेस. ते सगळं परक्याच्या घरी ठेवायचं?"

मग त्यानं माझी नस धरली.

"सेलमला दुकानातला केर तू कधी बाहेर टाकू दिलास का?"

न्हाई दिला. केरात सोन्याचे कण असतात. झाडणारी बाई जाताना मी तिचा पदर झटकून घ्यायची आणि केर पोत्यात भरून घरातच धुवायला ठेवायची. आपलं ते आपल्या उंबऱ्याच्या आत, हे मला पटवायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

"तसंच आहे हे," तो म्हणाला. "डबा आपल्या घरात. चित्र आपल्या डब्यात. मी पुण्यातून बघणार, दुसरं कुणी नाही."

मी एकच अट घातली. चित्र जाऊ दे, आवाज जायचा नाही. मी घरात कुणाला काय बोलते ते सुनेच्या कानावर पडायला नको. त्यानं आवाज बंद करून टाकला.

असा तो विटेएवढा काळा डबा घरात आला. त्यात लिनक्स. लिनक्स म्हणजे काय, ते तो मला चपातीचा घास हातात धरून समजावायचा. कंप्युटर ज्याच्यावर चालतो ते, आणि हे कुणा एका मालकाचं नाही.

"मालक न्हाई? मग बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं?"

"माझ्या."

"आणि तू पुण्यात."

"अगं, तिथूनच सगळं करता येतं. तेच तर भारी आहे त्यात."

पण त्या लिनक्सचे म्हणे शंभर प्रकार, आणि पोराला एकावर मन टिकवता येत नव्हतं. आधी उबुंटू घातलं. मग मिंट घातलं. ते काढून परत उबुंटू. नावं ऐकून वाटायचं, सेलमला आमच्या गल्लीत राहत होते हे लोक. माझ्या फोनवर मालकांच्या गोळ्यांचं घड्याळ होतं, ते तीनदा बदललं. फोटो आज इथं दिसायचे, तर पुढच्या खेपेला दुसऱ्याच चौकोनात. मी एका चौकोनाला हात लावायला शिकले की तो चौकोन जायचा. घरात एक चमचा जागचा हलला तर मी आकाशपाताळ एक करणारी बाई, पण डब्यापुढं माझं काही चालत नव्हतं.

त्या शनिवारी तो डेबियन घालत होता.

"हे शेवटचं," फळीखालून म्हणाला. "एकदम भक्कम. पाच-पाच वर्षं बघायला नको."

"मिंटलाबी तू असंच म्हणाला होतास."

"आबा, सांगा की हिला."

मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

कुणाला म्हणाले कोण जाणे. धैर्यशीलला वाटलं मला, मला वाटलं त्याला. मालकांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता, त्या हाताची बोटं त्यांनी पोराच्या पायाकडं जरा उचलली. शेजारचं स्टूल रिकामं होतं. मी ते पायानं पुढं सरकवलं, म्हणाले, "बाहेर ये. बस इथं घटकाभर बापाजवळ."

"पाच मिनिटं, आई. हे अर्धवट सोडता येत नाही."

बाहेर आला तेव्हा मालकांना डुलकी लागली होती.

जाताना मला बजावून गेला, "डेबियनचं सगळं ठीक आहे. फक्त कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम मी नवा घातलाय, तो अजून नीट बसलेला नाही. मध्येच चित्र अडकेल. अडकलं की मी फोन करीन, तू नुसतं मागचं बटण दाबून डबा बंद करायचा आणि चालू करायचा."

"आणि छबू?"

छबू म्हणजे आमच्या आळीतली विधवा बाई. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मालकांजवळ बसायची. अंगानं दणकट, उचलायला बरी, पण तोंडाची फाटकी. मालकांना कुठं कुठं पुसावं लागतं ते पाणवठ्यावर सांगून यायची. धैर्यशीलच्या कानावर ते गेलं होतं.

"छबूमावशीला फक्त दुपारचं जेवायला घालायला येऊ दे. बाकी वेळ मी आहे की. कॅमेरा बोलत तरी नाही."

त्या आठवड्यात चित्र दोनदा अडकलं. दोन्ही वेळा त्याचा फोन आला, दोन्ही वेळा मी बटण दाबलं. दोन्ही वेळा मालक खुर्चीत मजेत बसलेले होते आणि मी डब्याशी वाकलेली बघून डाव्या कोपऱ्यानं हसत होते.

गुरुवारी आटपाडीला माझी धाकटी बहीण यमू, तिच्या नातीचा साखरपुडा होता. मी जाणार नव्हते. यमूनं फोनवर रडून घेतलं. धैर्यशील म्हणाला, जा तू, मी दिवसभर एका बाजूला चित्र लावून ठेवतो. मालकांना विचारलं, तर "बरं" म्हणाले. मी हिरवं लुगडं नेसले, तर परत म्हणाले, "बरं." तो दुसरा "बरं" निराळा होता. साठीतल्या बाईनं लाजावं असा होता.

छबू दुपारी आली, जेवायला घातलं, हातपाय पुसले, खुर्चीत उशी लावून बसवलं आणि एकच्या पुढं दार ओढून गेली. हे मला नंतर कळलं.

आटपाडीत ओट्या भरून झाल्या, पंगत बसली. मी दुसऱ्या पंगतीला ताटावर होते, तोवर फोन वाजला.

"आई, घरी पोचलीस?"

"आत्ता कुठली? जेवाय बसली."

"बरं बरं. काही नाही, चित्र अडकलंय परत."

"मालक?"

"बसलेत ना. खुर्चीत बसलेत, टीव्हीकडं तोंड करून. तेच चित्र आहे मघापासून. पापणीसुद्धा हलत नाही. प्रोग्रॅमनं जीव सोडलाय."

"मग निघू का मी?"

"छे! बटणासाठी कशाला निघतेस? मी इकडून बघतो. नाही जमलं तर तू संध्याकाळी गेल्यावर दाब."

"छबूला सांगू? ती हाय जवळच."

"तिला कुठलं बटण कळतंय? भलतंच काहीतरी दाबून ठेवील. जेव तू निवांत."

मी जेवले. यमू शेजारी बसून जिलेबी वाढत होती, म्हणाली, "अक्का, नशीबवान गं तू. पोरगा पुण्यात बसून बापावर नजर ठेवतो. आमचा एका घरात राहून बघत न्हाई."

मी मान ताठ करून म्हणाले, "शिकवलाय तसा."

नंतर गाणी झाली. मुलाकडच्यांना निरोप दिला. कुणाच्या तरी जीपमधून मी गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती.

दार उघडलं. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी आधी तिकडंच गेले, पोरानं सांगितलेलं बटण दाबायला. वाकताना नाकाला वास आला. मालकांच्या खुर्चीखाली ओलं होतं. मी वळून बघितलं, तर त्यांचं तोंड उजवीकडं पार उतरलं होतं, लाळ सदऱ्यावर येऊन वाळली होती. डोळे उघडे. डावा डोळा माझ्यावर आला आणि माझ्याबरोबर हलू लागला. मी डावीकडं गेले, तो डावीकडं आला.

"अवं, कधी झालं? कधी झालं हे?"

त्यांच्या घशातून आवाज निघाला. त्या तीन शब्दांतला एकही त्यात नव्हता.

माझी हाक ऐकून छबू आली, माळी गुरुजी आले. गुरुजींच्या गाडीत घालून सांगली गाठली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत उजेड मारला आणि पहिलं तेच विचारलं. "शेवटचं नीट कुणी पाहिलं यांना?"

"म्या," छबू म्हणाली. "एकच्या सुमाराला. चांगली भाकरी खाल्ली."

बाईंनी घड्याळाकडं बघितलं. "त्यानंतर?"

"त्यानंतर कोण न्हाई."

"म्हणजे कधी झालं, कुणालाच माहीत नाही."

इंजेक्शनचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील बाकावर बसलेला होता. रात्रीतून आला होता, डोळे सुजलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आई सांगत होत्या, घरात कॅमेरा आहे. वेळ कळली असती तर..."

"चित्र अडकलेलं होतं," तो म्हणाला.

बाई पुढं गेल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ थरथरत होती. मला वाटलं, बापासाठी.

मालक पाच दिवस टिकले. डावा हात माझ्या हातात होता. शेवटच्या दिवशी त्याचंही वजन वाढलं.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. सून लेकरांना घेऊन पुण्याला गेली. धैर्यशील गेला नाही. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. तो येऊन उंबऱ्यावर बसला. हातात तो डबा होता, वायरी काढलेला.

"नेतोस व्हय ते?"

"हो."

"त्यात मालकांचं शेवटचं काय असंल तर मला दाखवून ने. छबू म्हणती भाकरी चांगली खाल्ली त्यांनी. तेवढं बघती. खाताना बघती."

त्यानं डबा मांडीवर घेतला. मी दोन पाकळ्या सोलल्या.

"अडकल्याच्या आधीचं तर असंल की. सकाळचं असंल."

"आई, चित्र अडकलं नव्हतं."

मी मान वर केली.

"प्रोग्रॅम चालू होता. डबा चालू होता. सगळं व्यवस्थित चालू होतं."

"मग?"

"आबाच हलत नव्हते."

विळी माझ्या पायाखाली होती, ती मी आडवी केली. पोराचं बोलणं सुरू झालं ते थांबेना, जसं काही इतके दिवस दाराशी येऊन उभं होतं.

"दोनच्या सुमाराला झालं. त्यात सगळं साठवलेलं आहे. मी त्या रात्री सांगलीला येताना रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बघितलं. दोनला आबांची मान कलली. तुला फोन केला तेव्हा अर्धाच तास झाला होता, आई. अर्धाच. मला वाटलं, शनिवारीच घातलेला प्रोग्रॅम, त्यानंच घात केला असणार. मी इकडून बंद करून चालू केला. तेच चित्र. परत केलं. तेच चित्र. मग वाटलं, जुनंच चित्र दाखवतोय. मग मी जुना प्रोग्रॅम शोधून परत घातला, त्यात तास गेला. तरी तेच. कंटाळून मीटिंगला गेलो."

"आणि दिसत न्हवतं तुला?"

"खिडकीतलं ऊन आबांच्या पायावर होतं. ते सरकत गुडघ्यापर्यंत चढलं. अडकलेल्या चित्रात ऊन सरकत नाही. मला दिसायला पाहिजे होतं." त्यानं तोंड पुसलं. "आणि हात. मी पहिल्यांदा बंद केलं तेव्हा डावा हात दांडीवर होता. चालू झालं तेव्हा छातीवर होता. मधल्या वेळात त्यांनी उचलला असणार. कॅमेऱ्याकडं बघून उचलला असणार. समोरच होता ना कॅमेरा. मी त्याच वेळी... मी चित्राकडं बघतच नव्हतो, आई. चित्र चालू आहे का, तेवढंच बघत होतो."

बाहेर छबूचा आवाज येत होता, कुणाला तरी काहीतरी सांगत होती. मी उठून दार लोटलं.

"डॉक्टरीणबाईला का बोलला न्हाईस?"

"तोवर वेळ गेलीच होती. सांगून काय..."

"मी इचारलं ते सांग."

"लाज वाटली."

"छबूला एक फोन करायचा होतास. जाऊन बघ म्हणायचं होतं. तिला बटण कळत न्हाई, माणूस कळतो."

"माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशपथ, माझ्या डोक्यात एकच होतं, माझंच काहीतरी चुकलंय, मी नीट बसवलं नाही, मी दुरुस्त करतो. मी दिवसभर त्यांच्यासाठीच खटपट करत होतो, आई."

तो रडू लागला. लहानपणी भट्टीपाशी बोट भाजलं होतं तेव्हा रडला होता तसा, आवाज दाबून. तेव्हा मी बोट तोंडात धरून फुंकर घातली होती. आता मी जागची हलले नाही. पदराला लसणाचा वास येत होता आणि हात पुसायचं मला सुचत नव्हतं.

बाहीनं नाक पुसून त्यानं विचारलं, "मी मारलं का गं आबांना?"

कुणीही आई अशा वेळी जे बोलते ते त्याला ऐकायचं होतं. तोंडाकडं बघत होता माझ्या. मला ते बोलता आलं असतं. मालक असते तर त्यांच्या तीन शब्दांतला तिसरा, "ऱ्हाऊ दे", म्हणाले असते आणि पोराला सोडवलं असतं.

मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"न्हाई," मी म्हणाले. "मारायला माणसाच्या जवळ यावं लागतं. तुझा बाप चार तास तुझ्याकडं बघत मरत हुता, आणि तू काच पुसत बसलास."